चार नाकारलेली पाकिटं

राजाबाईला मुकुंदवाडीत कुणी भित्री म्हटलं नसतं. दोन्ही वेळची मिळून चाळीस माणसं जेवू घालणारी बाई. पगार होऊनही पैसे बुडवून दुसऱ्या मेसला जेवायला लागलेल्या एका फिटरला तिनं भर रस्त्यातून कॉलरला धरून आणलं होतं, पैसे वसूल केले होते आणि वर त्याला जेवूही घातलं होतं. पण एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीची तीन तारीख, सोमवार, सकाळचे नऊ वाजलेले, आणि तिच्या दाराशी दोन सरकारी माणसं येऊन उभी राहिली. एकाच्या हातात खळीचा डबा होता. दुसऱ्यानं कागदात बघत विचारलं, "राजाबाई मल्हारराव तुम्हीच का?"

"नाय," राजाबाई म्हणाली.

त्या माणसाला असल्या उत्तरांची सवय असावी. त्यानं दाराला खळ फासून घेतली, कागद चिकटवला, वरून हात फिरवला. जाताना एवढंच बोलला, "सतरा तारखेला विक्रीकराच्या कचेरीत या. नाही आलात तर अठराला आम्ही कुलूप घेऊन येतो."

राजाबाईला सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता यायचं नाही. तिनं आतून पारूबाईला हाक मारली. पारूबाई तिच्याबरोबर भाकऱ्या थापायची, पलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची आणि सातवी पास होती. पारूबाईच्या हातची भाकरी खाणार नाही असं सुरुवातीला दोघा-तिघांनी म्हणून पाहिलं होतं. राजाबाईनं त्यांना दुसऱ्या मेसचा रस्ता दाखवला, तेव्हापासून तो विषय संपला होता.

पारूबाईनं पदराला हात पुसले आणि एकेक शब्द लावत वाचलं. म्हाळसा फॅब्रिकेशन या दुकानाचा विक्रीकर दंडासकट त्रेचाळीस हजार दोनशे रुपये थकला आहे. भागीदार दोन, मल्हारराव आणि त्यांची पत्नी राजाबाई. चार वेळा पाठवलेलं टपाल राजाबाईंनी घ्यायला नकार दिला, म्हणून त्यांना सगळं कळलं आहे असं धरलं जाईल. रक्कम भरली नाही तर राजाबाईंच्या नावावरची मुकुंदवाडीतली खोली जप्त होईल.

"म्हंजे ही?" राजाबाईनं विचारलं.

"हीच की. दुसरी कुठं हाय तुला."

राजाबाई उंबऱ्यावरच बसली. तव्यावरची भाकर जळाली तरी तिला वास आला नाही. 

या खोलीची कहाणी अशी. राजाबाईचा बाप मुंजाबा धनगर. पैठणच्या अलीकडं त्याची वाडी. लेकीच्या लग्नात त्यानं वीस मेंढ्या आंदण दिल्या. त्या तिच्या भावाच्या, सूर्यभानच्या कळपात वाढल्या. कानाला राजाबाईची खूण, त्यांची पिल्लं तिची, लोकर तिची. नवरा मल्हारराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, तेव्हा राजाबाईनं कळपातल्या आपल्या मेंढ्या विकल्या आणि स्टेशनाजवळ ही पत्र्याची खोली घेतली. तिच्या नावावर. तेव्हा मुकुंदवाडीला कुणी विचारत नव्हतं. पुढं वाळूजकडंही कारखाने आले, खेड्यापाड्यातून पोरं लोटली, आणि खोलीला खोली लागत गेली.

शहाऐंशी साली मल्हाररावनं नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी कपाटं, कंपनीसाठी पत्र्याच्या पेट्या. दुकानाच्या कागदावर भागीदार लागत होता. भाऊ घेतला तर वाटा मागेल, म्हणून त्यानं बायकोचं नाव घातलं. राजाबाईनं त्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात सही शिकून घेतली होती. मल्हाररावनं बोट ठेवलं तिथं तिनं गोल गोल अक्षरात 'राजाबाई मल्हारराव' लिहिलं, सात ठिकाणी. अंगठा नाही लावला, सही केली, म्हणून चार दिवस ती मिरवत होती. कशावर सही केली हे तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

दुकान चाललं आणि माणूस बिघडला. राजाबाईला मूल नव्हतं. त्याचं निमित्त करून त्यानं दुसरी आणली, आणि पहिलीवर हात टाकायला लागला. नुसता हात नाही, दुकानातली लोखंडी पट्टी. डाव्या दंडावरचा त्या पट्टीचा व्रण अजून गेलेला नाही. शेवटी नव्वद सालच्या एप्रिलात, वाडीवर, म्हसोबाच्या पारापाशी पंच बसले आणि काडीमोड झाली.

या काडीमोडीची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंच गवताची एक काडी देतात. एक टोक नवऱ्यानं धरायचं, एक बायकोनं. मोडली की आपापला तुकडा खांद्यावरून मागं टाकायचा आणि वळून न बघता चालायला लागायचं. त्यानंतर एकमेकांच्या घरचं दाणाभरही काही घ्यायचं नाही. घेतलं तर काडी जुळली. मग फारकत फिटली आणि बाई पुन्हा त्याच्या घरची. आवडाबाई म्हणून वाडीवरच होती एक. फारकत झाल्यावर दिवाळीला त्यानं लुगडं पाठवलं, हिनं भोळेपणानं नेसलं. पंचांनी तिला त्याच्याकडं परत पाठवली. आता तिला एका कानानं ऐकू येत नाही. कशानं ते वाडीवर सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

राजाबाई आवडाबाईला विसरली नव्हती. म्हणून जूनमध्ये पोस्टमन कडूबा तपकिरी पाकीट घेऊन आला आणि त्यानं 'राजाबाई मल्हारराव, भागीदार' असं वाचलं, तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"कडूबा, फारकत झाली मपली. त्या माणसाशी, त्याच्या दुकानाशी काय संबंध नाय. त्याच्या नावाचं म्या काय घेत नाय."

"आक्का, सरकारी हाय. सही कर आन घे."

"सरकारी असू दे. नाव त्याचंच हाय ना त्याच्यावर? जे बोलले ते लिही आन घेऊन जा."

कडूबा सरळ माणूस. त्यानं कानावरची निळी पेन्सिल काढली, पाकिटावर काहीतरी खरडलं आणि सायकल वळवली. पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन पाकिटं आली. दर वेळी राजाबाईनं हात मागं घेतले, आणि दर वेळी दार लावून घेताना तिला वाटलं, वाचलो बाई. आता दारावरचा कागद सांगत होता की त्या चार वेळांनीच तिचा घात केला होता.

दुसऱ्या दिवशी पारूबाई तिला गुलमंडीत घेऊन गेली. एका कापड दुकानाच्या वर, लाकडी जिन्याला लागून नानासाहेब बसायचे. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, आता व्यापाऱ्यांची विक्रीकराची कामं बघायचा. त्यांनी दारावरून सोडवून आणलेला कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, दुकान सोडलं असं कचेरीला कधी कळवलं का?"

"कळवायचं असतं व्हय?"

"लेखी कळवायचं असतं. भागीदार दोन असले तरी सरकार अर्धं-अर्धं मागत नाही. ज्याच्याकडं सापडेल त्याच्याकडून सगळं घेतं. मल्हाररावचं दुकान भाड्याचं, मशिनी बँकेच्या. सापडायला राहिलं काय? तुमची खोली."

"पर पंचांनी काडी मोडली ना."

"पंचांनी मोडली. सरकारच्या दप्तरात ती काडी गेलीच नाही." नानासाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "पंचांनी काही लिहून दिलंय का?"

दिलं होतं. दहा रुपयांच्या स्टँपवर पाच अंगठे, दोन सह्या. राजाबाईनं तो कागद नव्या उशीच्या खोळीत शिवून ठेवला होता, तो उसवून आणला होता. नानासाहेब मोठ्यानं वाचू लागले. दुकान आणि दुकानाचं यापुढचं देणंघेणं मल्हाररावकडं, मुकुंदवाडीची खोली राजाबाईकडं, आजपासून दोघांचा संबंध तुटला, तारीख बारा एप्रिल नव्वद. ते जरा सरसावून बसले. मग त्यांनी दारावरच्या कागदातले आकडे बोटांनी लावले.

"नीट ऐका. नव्वदच्या मार्चपर्यंतचा कर निघतो सात हजार चारशे. तोपर्यंत तुम्ही भागीदार होतात, ते चुकायचं नाही. बाकीचा सगळा त्याच्यानंतरचा. तुम्ही एप्रिलातच बाहेर पडलात असं साहेबांना पटलं, तर तो तुमच्या माथी येत नाही."

"मंग दाखवा की हा कागद."

"दाखवणारच. पण साहेब म्हणतील, जुना स्टँप मिळवून काल लिहिलात. असे कागद त्यांच्याकडं ढिगानं येतात. पंचांपैकी कुणी येऊन सांगेल का, नव्वद सालीच लिहिला म्हणून?"

राजाबाईला पंच आठवले. पंचांतला म्होरक्या सांडू, तो मल्हाररावच्या मांडीला मांडी लावून बसणारा. तो कशाला येतो तिच्या बाजूनं बोलायला.

पुढचे दहा दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. पत्र्यावर मांजर चाललं तरी तिला कुलूपवाले आले असं वाटायचं. त्यात शहराचंही काही ठीक नव्हतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार, आता नक्की लागणार, अशी बोलणी जिकडंतिकडं चालली होती. मुकुंदवाडीच्या नाक्यावर पोलिसांच्या निळ्या गाड्या उभ्या राहिल्या. कधी बंद, कधी अफवा, कधी नुसतीच दुकानांची शटर खाली. मेसची निम्मी पोरं गावाकडं निघून गेली. नानासाहेबांकडं दोनदा गेली तर दोन्हीदा गुलमंडी बंद.

एका दुपारी पारूबाई पीठ मळता मळता म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर साली आमच्या गावात याच नावापायी घरं पेटवली. आम्ही नेसत्या वस्त्रानिशी ज्वारीत पळालो. घर जळलं त्याचं दुःख हायेच, पर कागद जळले ते लई नडलं. घर आमचंच होतं हे सांगायला आमच्यापाशी कायबी उरलं नव्हतं. म्हणून सांगते, भ्यायचं तर भी, पर कागद हातातनं सोडू नको."

राजाबाईला पारूबाईची लाज वाटली. आपण एका खोलीपायी एवढं घाबरलो आणि हिनं सगळं जळताना बघितलं. पण लाज वाटली म्हणून भीती कमी झाली नाही.

चौदा तारखेला संक्रांत होती आणि त्याच दिवशी नावाचा निर्णय जाहीर झाला. पारूबाई डोळे पुसत आली, पेढा राजाबाईच्या तोंडात घातला आणि पळतच वस्तीकडं गेली. वस्तीवर निळे झेंडे लागले होते, पण बायका पोरांना नाक्यापर्यंतही जाऊ देत नव्हत्या. रस्ता रिकामा, बस बंद. फारकत झालेल्या बाईला संक्रांतीच्या वाणाला कोण बोलावतं. राजाबाई एकटीच दारात तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात ओळखीची चाल कानावर आली.

मल्हारराव. चार वर्षांनी. केस तेल लावून बसवलेले, धुतलेला शर्ट. ती ताडकन उठली आणि उंबऱ्याच्या आत गेली.

"राजा," तो पहिल्यासारखंच म्हणाला. "सणाचा दिवस हाय. तिळगूळ आणलाय."

ती आणखी एक पाऊल मागं सरली.

"भिऊ नको. कागदाचं कळलं मला, माझ्याबी कागदावर साला-सालाचे आकडे हायेत. माझ्याबी दुकानाला कुलूप लागलंय. ती बी गेली सोडून." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीखाली नोटांची घडी होती. "फारकतीच्या आधीच्या देण्यात निम्मं माझं. सदतीसशे हायेत. धर. भरून टाक आन मोकळी हो."

खरं सांगायचं तर राजाबाईचा हात हलला. तिच्याकडं डब्यात एकोणचाळीसशे होते. हे सदतीसशे मिळाले की जुनं सगळं फिटत होतं आणि वर दोनशे उरत होते. दहा दिवस ती हाच हिशेब घोकत होती. आणि माणूस स्वतःहून दारात आला होता, हळू बोलत होता, डोळे खाली घालून.

मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडं गेली. पानटपरी बंद होती आणि बंद टपरीच्या फळीवर एक म्हातारा बसला होता. पांढरा पटका, मांडीवर काठी. सांडू. शेजारी आणखी एक पंच. बस बंद असताना ही माणसं वाडीवरून इथवर कशी आली आणि कशाला आली, हे तिला एका क्षणात समजलं. ते बघायला आले होते. तिनं घेतलं एवढं बघायचं आणि सांगायचं. काडी जुळली की बाई त्याची, आणि बाई त्याची की खोलीत राहायला तो आला.

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"बँकेत भरा," ती म्हणाली.  "चलन भेटतंय. तुमच्या हातानं भरा, तुमच्या नावानं."

"कामून? माझ्या हाताला काटे हायेत का?"

"बँकेत भरा."

मल्हाररावनं मान वर केली. हे डोळे तिला माहीत होते. लोखंडी पट्टी उचलायच्या आधी ते असेच व्हायचे. तो पायरीवर चढला. "खोली जाईल तुपली. मंग कुठं जाशील? सूर्यभानच्या मेंढरांमागं हिंडशील या वयात? धर म्हणतो ना."

त्यानं तिचा दंड धरला आणि हात पुढं ओढायला लागला. राजाबाईनं मुठी अशा आवळल्या की नखं तळव्यात रुतली. ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण ओरडून येणार कोण होतं. त्यानं जोर केला, तिचा डावा हात पुढं आला, त्यानं मुठीवर पुडी दाबली. मूठ उघडली नाही. शेवटी त्यानं शिवी हासडली, पुडी उंबऱ्याच्या आत टाकली आणि मागं वळून टपरीकडं हात केला. "पडलं घरात. बघा पंच."

राजाबाई चुलीकडं गेली.  तिनं सांडशी उचलली, सांडशीनं ती पुडी धरली, अंग चोरून त्याच्या बाजूनं हात बाहेर काढला आणि पुडी रस्त्यावर टाकून दिली. पुडी फुटली. समोरच्या घरची शेळी सुटलेली होती, ती आली आणि तिळगूळ खाऊन गेली. टपरीवरचा दुसरा पंच हसला. सांडू हसला नाही, पण काठी टेकून उठला. जे सांगायला आला होता ते आता त्याला सांगता येणार नव्हतं.

नोटा मात्र मल्हाररावनं पुडीबरोबर टाकल्या नव्हत्या. त्या कधीच खिशात गेल्या होत्या. "सतरा तारखेनंतर येतो," तो म्हणाला. "कुलूप बघायला."

तो गेल्यावर राजाबाईनं दार लावलं, कडी घातली, कडीत उलथनं अडकवलं आणि दाराला पाठ लावून बसली. दात वाजत होते. जानेवारीची थंडी होती खरी, पण ती थंडी नव्हती. पारूबाई दिवे लागायच्या वेळी आली, तिनं चारदा हाक मारली, तेव्हा कुठं दार उघडलं.

शनिवारी सराफ्यात आईचे चांदीचे वाळे मोडले. तीन हजार आले. पाचशे कमी पडत होते. पारूबाईनं पत्र्याच्या पेटीतून पाचशे काढले आणि तिच्या पुढं धरले. राजाबाईनं ते दोन्ही हातांनी घेतले.

सोमवारी कचेरीत साहेबांच्या टेबलापुढं ती उभी राहिली, तेव्हा तिला खुर्चीत बस म्हटलेलंही ऐकू आलं नाही. साहेब तरुण होते, सर्दी झालेली. त्यांनी फारकतीचा कागद उलटसुलट केला आणि नानासाहेबांना म्हणाले, "असले कागद मला रोज दाखवतात. परवा एकानं आणला होता, त्याची शाईही वाळली नव्हती." मग राजाबाईकडं बघून, "आणि तुम्ही, बाई. चार वेळा सरकारचं टपाल परत? घेतलं असतं, आलात असतात, तेव्हाच मिटलं असतं. का घेतलं नाही?"

आता कायदा बोलावा का खरं बोलावं, हे राजाबाईला कळेना. नानासाहेबांनी तिला पढवलेलं सगळं डोक्यातून गेलं. तिनं खरं तेच सांगितलं. काडी, आवडाबाई, तिचा कान, दारात आलेला तिळगूळ. कचेरीतला पंखा बंद होता, शेजारच्या टेबलावरचा कारकून लिहायचं थांबला होता. "लई भ्याले साहेब," ती शेवटी म्हणाली. "म्हणून कडूबाला म्हणाले, जे बोलते ते लिही आन घेऊन जा."

नानासाहेबांनी मान वर केली. "काय म्हणालात? लिही म्हणालात?"

"व्हय. निळ्या पेन्सिलीनं लिहिलं त्यानं."

"साहेब," नानासाहेब उठूनच उभे राहिले, "परत आलेली पाकिटं फाईलला असतील."

साहेबांनी फाईल ओढली. त्यांनी एकेक पान उलटायला सुरुवात केली आणि राजाबाईला वाटलं, आता ते पाकीट नसणार. हरवलं असणार, उंदरानं खाल्लं असणार, कडूबानं काही भलतंच लिहिलं असणार. तिनं टेबलाची कड धरली. चार तपकिरी पाकिटं एका दोऱ्यात ओवलेली होती. साहेबांनी सगळ्यात खालचं उलटं केलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. "सदर बाई सांगते, फारकत झाली. नवऱ्याशी व दुकानाशी संबंध नाही. टपाल घेत नाही. सबब परत. एकोणीस सहा नव्वद." खाली पोस्टाचा शिक्का होता, आणि कचेरीत पाकीट पोचल्याचा कचेरीचा स्वतःचाही.

साहेबांनी नाक पुसलं. "म्हणजे आम्हाला नव्वदच्या जूनपासून माहीत होतं," ते कारकुनाला म्हणाले. "आणि आपण पुढं तीनदा यांनाच टपाल पाठवलं." कारकून खाली बघून लिहायला लागला. साहेबांनी तारखा ताडून पाहिल्या, फारकतीच्या कागदाची नक्कल करून घेतली. मग म्हणाले, "जुने सात हजार चारशे आज भरलेत तर खोलीला हात लागणार नाही. नंतरचं मी मल्हाररावकडं बघतो. आदेश टपालानं येईल. या वेळी घ्याल ना?"

"घेते," राजाबाई म्हणाली. "पर साहेब, नाव बापाचं टाका."

पैसे भरून झाले तरी तिला धीर नव्हता. अठरा तारीख उजाडली, ती दिवसभर दारात बसून राहिली, आणि कुलूप घेऊन कुणी आलं नाही. मल्हाररावही आला नाही. पण रस्त्यानं सायकलची घंटी वाजली तरी ती उठून उभी राहायची. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कडूबा आला. "राजाबाई मुंजाबा," त्यानं वाचलं आणि तिच्याकडं बघितलं. राजाबाईनं हात पुढं केला. पोचपावतीवर सही करायला तिला वेळ लागला, कारण हे नाव तिनं आधी कधी लिहिलं नव्हतं. मुंजाबातला 'मुं' कडूबानं जमिनीवर काढून दाखवला.

त्याच दिवशी तिनं बारा भाकऱ्या आणि पिठलं बांधून घेतलं आणि गुलमंडीचा जिना चढली. नानासाहेबांनी आदेश वाचला, खोली मोकळी झाली असं दोनदा सांगितलं, आणि भाकऱ्यांचं गाठोडं बाजूला ठेवत म्हणाले, "आता एक काम राहिलं. जुन्या देण्यात निम्मा वाटा मल्हाररावचा. तुम्ही त्याचा भरलात. सदतीसशे रुपये. कोर्टात साधा दावा लावला की ते तुम्हाला त्याच्याकडून मिळतात. फी नको मला. लावू का?"

राजाबाईनं विचार केला. सदतीसशे म्हणजे आईचे वाळे आणि पारूबाईचे पाचशे, आणि वर दोनशे.

"मिळतात व्हय?"

"हक्कानं मिळतात. तुमच्या हातात आणून देईल तो."

"दील, नानासाहेब," राजाबाई म्हणाली. "पर घेतंय कोण." आणि तिनं गाठोडं पुन्हा त्यांच्यापुढं सारलं, पिठलं गार व्हायच्या आत खाऊन घ्या म्हणाली आणि जिना उतरली. संध्याकाळच्या पाळीची पोरं जेवायला यायची वेळ झाली होती.